रेझनिक-हॅलिडेविषयी विद्यार्थ्यांची मते वाचताना या चुका टाळा

प्रथम वर्ष बी. एस्सी.ला किंवा अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेला विद्यार्थी भौतिकशास्त्राचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी वरच्या वर्गातील मुलांचे मत विचारतो, आणि ‘रेझनिक-हॅलिडे’चे नाव निघाले की त्याला हमखास दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक जण सांगतो की या पुस्तकाने मला भौतिकशास्त्र खऱ्या अर्थाने कळले. दुसरा सांगतो की पुस्तक जाडजूड आहे, महाग आहे आणि परीक्षेत त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. दोघेही खरेच बोलत असतात. मी अनेक वर्षे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि या पुस्तकाविषयीच्या तक्रारी रोज ऐकतो. त्यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ पुस्तकात नसते. सांगणाऱ्याने कोणते पुस्तक, कशासाठी आणि कसे वाचले यात ते असते. ते तपासून न पाहता मत जसेच्या तसे स्वीकारले, की पुढे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

कोणत्या ‘रेझनिक-हॅलिडे’विषयी बोलणे चालू आहे?

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हे नाव एकाच पुस्तकाचे आहे असे समजणे. डेव्हिड हॅलिडे आणि रॉबर्ट रेझनिक हे दोघे अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात एकत्र होते, आणि विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेले मूळ पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. त्यातून पुढे दोन शाखा फुटल्या. मूळ पुस्तकाचा वारसा सांगणाऱ्या ‘फिजिक्स’ या दोन खंडांच्या ग्रंथाला नंतर केनेथ क्रेन हे तिसरे लेखक लाभले, तर १९७० साली निघालेल्या ‘फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स’ या सुटसुटीत पुस्तकाची धुरा पुढे जर्ल वॉकर यांनी सांभाळली. अमेरिकन फिजिकल सोसायटीने २००२ साली विसाव्या शतकातील सर्वांत उल्लेखनीय प्रास्ताविक पाठ्यपुस्तक म्हणून ज्याचा गौरव केला, ते हे दुसरे पुस्तक. त्याच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्तीवर ‘प्रिन्सिपल्स ऑफ फिजिक्स’ असे नाव असते, आणि भारतात प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी त्याचे वेगळे रूपांतरही मिळते.

आता पाहा, क्रेन यांचा ग्रंथ वाचलेला मुलगा म्हणतो की विवेचन सखोल आहे पण दमछाक होते. वॉकर यांचे पुस्तक वाचलेला म्हणतो की चित्रे आणि उदाहरणे भरपूर असल्याने वाचायला सोपे जाते. आणि प्रवेश परीक्षेचे रूपांतर घेतलेला म्हणतो की काही प्रकरणेच सापडत नाहीत. तिघांनीही मत देताना ‘रेझनिक-हॅलिडे’ एवढेच नाव घेतलेले असते. म्हणून मत ऐकताच तिसऱ्या लेखकाचे नाव आणि आवृत्ती विचारावी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी प्रत घेताना तर हे आवर्जून करावे, कारण तिथे चारही प्रकार एकाच ढिगात पडलेले असतात.

सांगणारा कोण आहे?

अमेरिकेतील विद्यार्थ्यांची मते वाचली तर निम्मा राग किमतीवर आणि दर काही वर्षांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीवर निघालेला दिसतो. आपल्याकडे भारतीय आवृत्ती त्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळते आणि जुनी प्रत चालते, त्यामुळे त्या रागाशी आपले काही देणेघेणे नाही. जेईईची तयारी करणारा मुलगा या पुस्तकाची तुलना एच. सी. वर्मा यांच्या १९९२ सालच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ या पुस्तकाच्या दोन खंडांशी करतो आणि ‘गणिते कमी कसाची आहेत’ असे म्हणतो. त्याला दोन-तीन संकल्पना एकत्र गुंफलेली, वेळ लावून सोडवायची गणिते हवी असतात. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याची गरज वेगळी असते. मापनापासून सुरू होऊन वॉकर यांच्या पुस्तकाच्या विस्तारित आवृत्तीत ४४व्या प्रकरणातील क्वार्क आणि महास्फोटापर्यंत जाणारा एकसलग पट त्याला अन्यत्र सहज मिळत नाही.

परीक्षेत उपयोग झाला नाही, ही तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. आपल्या विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकेत ‘अमुक सूत्र व्युत्पन्न करा’ असा पाच-सहा गुणांचा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आकृती, गृहीतके, पायऱ्या, निष्कर्ष अशा ठरलेल्या साच्यात लिहावे लागते. या पुस्तकात सूत्र बोलण्याच्या ओघात सिद्ध होते, त्याला साचा नसतो. जो विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते पहिल्यांदा उघडतो, त्याची निराशा होणारच. सत्राच्या सुरुवातीपासून वर्गातल्या टिपणांच्या जोडीने ते वाचावे आणि व्युत्पत्तीची उत्तरे स्वतःच्या वहीत साच्यात बसवून घ्यावीत, एवढाच यावर उपाय आहे.

‘वाचताना कळते, पण गणित सुटत नाही’

हे मत मी सर्वाधिक ऐकतो, आणि ते ऐकून पुष्कळ मुले पुस्तक बंद करतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही अडचण दूर करता येण्यासारखी आहे. या पुस्तकाची भाषा प्रवाही असल्याने विद्यार्थी ते कादंबरीसारखे वाचत जातो. सोडवलेल्या उदाहरणांवरून नजर फिरवतो, प्रत्येक पायरी पटते, आणि मग स्वाध्यायातील पहिल्याच गणिताला अडतो. सोडवलेले उदाहरण झाकून ठेवून आधी स्वतः सोडवायचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रकरणाच्या मध्येच येणारे छोटे तपासणी-प्रश्न, ज्यांत आकडेमोड जवळजवळ नसते आणि म्हणूनच विद्यार्थी ते ओलांडून पुढे जातात.

यातला एक प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर मांडतो. टेबलावर एक ठोकळा आहे आणि हे सगळे लिफ्टमधून वर चालले आहे. टेबलाने ठोकळ्यावर लावलेले लंब बल ठोकळ्याच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढेच, आधी लिफ्ट एकसमान वेगाने जात असताना आणि मग तिचा वेग वाढत असताना? बहुतेक वर्ग दोन्ही वेळा ‘जास्त’ असे उत्तर देतो, कारण ‘वर जाणे’ आणि ‘वरच्या दिशेने त्वरण असणे’ यांतला फरक वाचताना कळल्यासारखा वाटला तरी हाती लागलेला नसतो. एकसमान वेग म्हणजे त्वरण शून्य, म्हणून निव्वळ बल शून्य, म्हणून लंब बल वजनाइतकेच. वेग वाढत असेल तरच ते वजनाहून जास्त. जो विद्यार्थी इथे पाच मिनिटे थांबला, त्याला त्या प्रकरणातील निम्मी गणिते अडवत नाहीत. वॉकर यांच्या पुस्तकाच्या काही आवृत्त्यांत गणितांपुढे काठिण्यानुसार एक ते तीन ठिपके दिलेले असतात. एका ठिपक्याची पाच-सहा गणिते झाल्याशिवाय तीन ठिपक्यांकडे वळू नये.

‘पुस्तकातली उत्तरे चुकीची आहेत’

एवढ्या मोठ्या पुस्तकात छपाईची चूक असू शकते, पण माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या वह्या उघडल्या की बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते. ही कारणे मोजकी आहेत आणि ओळखता येतात.

चिन्हाची गडबड उष्मागतिकीत हटकून होते. समजा, सिलिंडरमधील वायू दाबताना आपण त्यावर १५० जूल कार्य केले आणि त्याच वेळी वायूतून ६० जूल उष्णता बाहेर गेली. बारावीच्या रसायनशास्त्रात अंतर्गत ऊर्जेतील बदल म्हणजे उष्णता अधिक वायूवर केलेले कार्य, म्हणून उणे ६० अधिक १५०, म्हणजे ९० जूल. वॉकर यांच्या पुस्तकात मात्र सूत्र ‘उष्णता वजा कार्य’ असे आहे आणि त्यातील कार्य म्हणजे वायूने केलेले कार्य. इथे वायूने केलेले कार्य उणे १५० जूल आहे, त्यामुळे उणे ६० वजा उणे १५०, म्हणजे पुन्हा ९० जूलच येतात. विद्यार्थी एका शास्त्राचे सूत्र घेतो, दुसऱ्या शास्त्राचे चिन्ह घेतो, त्याला उणे २१० मिळतात आणि दोष पुस्तकाच्या माथी जातो. वायू दाबला गेला, त्याने आत घेतलेली ऊर्जा बाहेर गेलेल्या उष्णतेपेक्षा जास्त आहे, मग अंतर्गत ऊर्जा घटेल कशी, हा साधा प्रश्न आधी विचारला तर चूक तिथेच सापडते.

दोलनांच्या प्रकरणात दोष बहुधा कॅल्क्युलेटरचा असतो. आयाम १० सेंटिमीटर, कोनीय वारंवारता सेकंदाला २ रेडियन आणि वेळ १ सेकंद असेल, तर कोसाइन वापरून विस्थापन साधारण उणे ४.२ सेंटिमीटर येते. कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला असेल तर तेच उत्तर जवळजवळ १० सेंटिमीटर दिसते. प्रवेश परीक्षेच्या सवयीने गुरुत्व त्वरण १० धरणाऱ्यांची उत्तरेही थोडी हुकतात, कारण इथे ते ९.८ धरलेले असते. स्थिर अवस्थेतून पडणाऱ्या वस्तूचा वेग पाच सेकंदांनंतर ५० ऐवजी ४९ मीटर प्रतिसेकंद येतो.

याशिवाय, आवृत्ती बदलली की गणितांचे क्रमांकही बदलतात. मित्राकडून मिळालेले उत्तरांचे झेरॉक्स जर आठव्या आवृत्तीचे आणि तुमची प्रत दहाव्या आवृत्तीची असेल, तर तुम्ही एका गणिताचे उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहत आहात. पुस्तकाच्या शेवटी विषम क्रमांकांच्या गणितांची उत्तरे असतात. आधी तीच गणिते निवडावीत.

इंग्रजी अवघड की संदर्भ परका?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले ‘इंग्रजी झेपत नाही’ म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवतात. त्यांच्याबरोबर एकेक गणित वाचून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की व्याकरण क्वचितच आडवे येते. आडवे येते ते परके जग. पुस्तक अमेरिकेत लिहिलेले आहे, त्यामुळे त्यात बेसबॉल आहे, बर्फावरून घसरणारी गाडी आहे आणि ‘पक’ आहे. पक म्हणजे बर्फावरच्या हॉकीतील कडक रबराची चकती, हे माहीत नसलेल्या मुलीने माझ्यासमोर त्या गणितात घर्षणाचा गुणांक शोधायला सुरुवात केली होती. बोरिक पावडर टाकलेल्या कॅरमबोर्डावर स्ट्रायकर जसा सरकतो तसे हे समज, एवढे सांगताच तिने घर्षण सोडून दिले आणि संवेगाचे समीकरण मांडले.

त्याचप्रमाणे काही शब्दांत माहिती दडलेली असते. ‘फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘युनिफॉर्म रॉड’ म्हणजे वस्तुमान सर्वत्र सारखे पसरलेले, म्हणून वस्तुमानकेंद्र मधोमध. ‘नेग्लिजिबल मास’ म्हणजे त्या दोरीचे किंवा कप्पीचे वस्तुमान शून्य धरायचे. अशा पंधरा-वीस शब्दप्रयोगांची यादी वहीच्या मागच्या पानावर केली की महिन्याभरात भाषेची भीती पुष्कळशी ओसरते. जुन्या आवृत्त्यांत फूट आणि पौंडही भेटतात. रूपांतराचे कोष्टक परिशिष्टात असते.

हे सगळे पाहूनही निर्णय होत नसेल, तर ग्रंथालयातून एक प्रत दोन दिवसांसाठी आणावी आणि न्यूटनच्या नियमांचे पहिले प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन वाचावे. जुनी प्रत घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी शेवटची पाने उलटून पाहा. उत्तरांचा आणि परिशिष्टांचा भाग फाटलेला किंवा गळालेला असेल, तर ती प्रत कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.