गाईच्या पोटात तार: गोठ्यात या चुका टाळा

नऊ लिटर दूध देणारी आमची गाय एका रात्रीत साडेतीन लिटरवर आली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला आमचा गोठा लहानच, चार गाई आणि दोन पाड्या (कालवडी), त्यामुळे अशी घट लगेच डोळ्यांत भरते. तरी पहिली चूक आम्ही तिथेच केली. अजीर्ण झालं असेल म्हणून दोन दिवस ओवा, आलं, गूळ देत बसलो.

तिसऱ्या दिवशी ती डोंगरावरून उतरताना दिसली. चढताना ठीक होती, पण उतरणीवर एकेक पाय जपून टाकत होती, मध्येच थांबून कण्हत होती. गोठ्यात आल्यावर पाठीची कमान करून उभी राहिली, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून बाहेर काढून. बसायला तयार नाही. रवंथ बंद. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी तिच्या खांद्यावरची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून दाबली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली वाकवते. हिने पाठ ताठच ठेवली आणि खोल कण्हली. ताप 103.5 फॅरनहाइट.

"तार गिळलीय," ते म्हणाले. "परवाच फोन करायचा होता तुम्ही."

दूध अचानक निम्म्याहून कमी, चारा बंद, हलका ताप आणि चालायला नको, एवढं एकत्र दिसलं की घरगुती औषध नको, पाजायचं तेल तर मुळीच नको. जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. इंजेक्शनने दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच सुरू झालं, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तार जागेवरच असल्याची ती खूण असू शकते.

"गाय काय लोखंड खाईल?" असं अनेकजण म्हणतात. ती निवडून खातच नाही. तिला वरचे पुढचे दात नसतात. जिभेने चारा गुंडाळून ओढते आणि अर्धवट चावून गिळते, नीट चावणं पुढे रवंथ करताना. बकरी ओठांनी पानपान वेचते, म्हणून तिला हा त्रास क्वचित. गाईने गिळलेला खिळा जड असल्याने जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन पडतो. या पोटाची आतली बाजू मधाच्या पोळ्यासारखी असते, टोक तिथे अडकतं. हे पोट साधारण मिनिटाला एकदा आवळतं आणि प्रत्येक आवळण्यासरशी टोक पुढे रुतत जातं. पुढे पातळ पडदा, आणि त्याला लागूनच काळीज, म्हणजे हृदय. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत वासराचा भार मागून रेटतो, विताना कळा येतात, म्हणून महिनोन्‌महिने गुपचूप पडून असलेली तार नेमकी तेव्हा घात करते.

आमची गाय वाचली नाही. तार काळजाच्या आवरणापर्यंत गेली होती. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, छातीखाली पाणी साचून लोंबायला लागलं. त्या टप्प्यावर उपचार जवळजवळ हरलेलेच असतात. गाय उघडल्यावर निघाली ती सात सेंटीमीटरची बांधकामाची तार. एका टोकाला पक्कडीने दिलेला दुहेरी पीळ अजून तसाच होता. मे महिन्यात पावसाआधी गोठ्याच्या छपराला प्लॅस्टिक बांधताना मी दिलेला तोच पीळ.

म्हणून सांगते, तार आपल्याच हातून पडते आणि पडण्याचे दिवस ठरलेले असतात. पहिला, पावसाआधीच्या डागडुजीचा. छपराला, कुंपणाला तार वापरायचीच तर कापलेले तुकडे खाली टाकू नका, कमरेला डबा बांधा. गोठ्यापुरती तरी सुतळी किंवा काथ्याची दोरी वापरा. दुसरा, चवथीनंतरचा, म्हणजे गणेश चतुर्थीनंतरचा. गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी पूर्वी केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधायचे, आता सर्रास तार असते. उतरवलेली माटोळी पानांसकट गुरांपुढे टाकायची सवय मोडा.

तिसरा, दिवाळीचा दिवस मला सगळ्यात घातक वाटतो. जाळायला केलेल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्यात तार आणि खिळे भरपूर, पोटात गवत. पहाटे तो जाळला की राख रस्त्याकडेला नाहीतर शेताच्या कडेला राहते. सरद (पावसाळी) भात कापून झालेलं असतं, गुरं मोकळी सुटतात आणि त्याच राखेभोवती चरतात. दोनेक दिवसांत गोरवांचा पाडवा, ज्या दिवशी आपण त्यांना न्हाऊ घालतो, माळा घालतो. गळ्यातली बाजारची माळही ती खातात, त्यातली तार आणि पिना आधी काढा. वाड्यावरच्या मुलांना मी सांगितलंय, नरकासूर करा, पण राख उचलल्याशिवाय घरी जायचं नाही. जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून राखेतून ओढला की किती खिळे चिकटतात ते त्यांनीच पाहिलं.

कुट्टी मशीनमध्ये पेंढा घालण्याआधी पेंडी सोडून झटका. मशीन तारेचे नेमके गिळण्याजोगे तुकडे करतं, आणि कुट्टीत ते डोळ्यांना दिसतही नाहीत. बाहेर पडण्याच्या तोंडाशी चुंबक लावून घेता येतो. पेंडीची पोती शिवायची दाभणं काम झाल्यावर मोजून भिंतीवर ठेवा.

गिळलेली तार धरून ठेवायला गाईच्या पोटात चुंबक सोडतात, त्याबद्दलही गैरसमज आहेत. गाईसाठीचा चुंबक बोटाएवढा जाड, साधारण तीन इंची आणि गुळगुळीत असतो. पाडी वर्षाची झाली की, गाभण राहण्याआधी, डॉक्टरांकडून पाजून घ्यायचा. तो जाळीपोटात जन्मभर राहतो आणि खिळे, तारा स्वतःला चिकटवून ठेवतो. एकच पुरतो. स्पीकरचा तर अजिबात देऊ नका, तो ठिसूळ, फुटला की धारदार कडा होतात. तांबं आणि अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबक दिला म्हणून अंगण झाडणं सोडायचं नाही. तार आरपार गेली असेल तर नुसत्या चुंबकाने भागत नाही, अँटिबायोटिक लागतात, गाय पुढचे पाय उंचावर येतील अशी फळीवर बांधून ठेवावी लागते, कधी पोट उघडून तार हाताने काढावी लागते. हे लवकर झालं तर गाय वाचते.

दोन्ही पाड्यांना गेल्या महिन्यात चुंबक दिला. डाव्या कोपरामागे, खालच्या बाजूला होकायंत्र धरलं की काटा वळतो, म्हणजे चुंबक जागेवर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मी तेवढं बघून घेते.