कोणती यादी कशावरून तयार झाली, हे डेटाबेसमध्ये कसे नोंदवावे

यवतमाळ जिल्ह्यातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी अतिवृष्टीने बाधित सोयाबीन क्षेत्राची यादी काढते, तेव्हा तिच्यामागे महसूल मंडळनिहाय पाऊस, ई-पीक पाहणीच्या नोंदी आणि सभासदांचे गट क्रमांक असे किमान तीन विदासंच (डेटासेट) असतात. अतिवृष्टीची मर्यादा २४ तासांत ६५ मिलिमीटर आहे. त्यामुळे एखाद्या मंडळाचा आकडा ६३ वरून ६७ असा दुरुस्त झाला, तर सबंध गावे यादीत येतात. अशा वेळी कोणत्या याद्या पुन्हा काढायच्या, हे फाइलच्या नावावरून ठरवणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे.

त्यासाठी प्रथम 'संच' (प्रत्येक विदासंच किंवा यादी) आणि 'आवृत्ती' (त्याचे वेळोवेळचे रूप) असे दोन टेबल वेगळे ठेवावेत. 'आवृत्ती'मध्ये चढता क्रमांक, मिळाल्याची तारीख, कोणाकडून मिळाली ते आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा ठसा) नोंदवावा. नोंदलेली आवृत्ती कधीही बदलू नये; दुरुस्त आकडे आले की नवी ओळ घालावी.

खरे काम तिसऱ्या टेबलाचे, म्हणजे 'आधार'चे आहे. त्यात 'मूळ' (ज्या आवृत्तीवरून यादी काढली ती) आणि 'उत्पन्न' (त्यातून तयार झालेल्या यादीची आवृत्ती) हे दोन रकाने असावेत, दोन्ही फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलात असलेलाच क्रमांक घेऊ देणाऱ्या बंधनाने) 'आवृत्ती'ला जोडलेले असावेत, आणि कोणत्या स्क्रिप्टने ही यादी काढली तेही शेजारी लिहावे. अवलंबित्व संचांमध्ये न नोंदवता आवृत्त्यांमध्येच नोंदवावे; नाहीतर यादी ६३ वर बेतली होती की ६७ वर, हे नंतर सांगता येत नाही. फॉरेन की चक्राकार अवलंबित्व (दोन आवृत्त्या एकमेकींवर बेतलेल्या असणे) रोखत नाही, म्हणून 'मूळचा क्रमांक उत्पन्नापेक्षा लहान' अशी चेक अट (ओळ घालताना डेटाबेस स्वतः तपासतो ती) घालावी. क्रमांक नंतर बदलले नाहीत, तर एवढ्याने चक्र अशक्य होते.

आता जुन्या आवृत्तीपासून 'विथ रिकर्सिव्ह' क्वेरीने (मिळालेल्या ओळींवरून पुढच्या ओळी पुन्हा पुन्हा शोधणाऱ्या) खाली उतरत गेले की बाधित होणारी प्रत्येक यादी मिळते, आणि तीच क्वेरी उलटी चालवली की एखाद्या यादीचे सर्व मूळ स्रोत मिळतात. एकच आवृत्ती अनेक वाटांनी येऊ शकते, म्हणून सगळ्या ओळी ठेवणाऱ्या 'युनियन ऑल'ऐवजी दुबार ओळी गाळणारे 'युनियन' वापरावे. 'विथ रिकर्सिव्ह'ची सोय पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आहे, मायएसक्यूएलमध्ये मात्र ८.० पासून आली. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा बंद असते. ती डेटाबेसशी प्रत्येक जोडणीच्या वेळी प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलणाऱ्या) आदेशाने सुरू करावी, अन्यथा आधार असलेली आवृत्तीही निमूटपणे पुसली जाईल.