मनी प्लांटचा नुसता दोर झालाय? डोळा बघून कापा

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेची. मार्चमध्ये तिच्यावर जाड चादर चढते, ती पाऊस पडल्यावरच उतरते. सोलापूरचं ऊन ४० अंशांच्या पुढं गेल्यावर दुसरं काय करणार? पण मनी प्लांट बिचारा उजेड शोधत लांबत जातो. हातभर दोर, टोकाला चार पानं. खत घालून तो भरत नाही, कापावाच लागतो.

मृगाचे दोन-चार पाऊस होऊन हवेत ओल येऊ द्या. एका वर्षी मी घाईनं मेमध्येच कापला. कुंडीत खोचलेल्या आठही काड्या आठवड्यात वाळल्या.

माझं माहेर अकलूजकडचं, घरचा ऊस. बेणं लावताना वडील आधी डोळा बघायचे. इथंही तेच. पान जिथून फुटतं ते पेर, नवा कोंब देणारा डोळा तिथंच असतो. मनी प्लांटला तिथं तपकिरी गाठही दिसते. त्याच्या अर्धा इंच खाली, स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं काप घ्या. पेराशिवाय नुसत्या पानाला मुळ्या फुटतीलही, पण वेल निघत नाही. माझ्या जावेनं असं एक पान वर्षभर जपलं, अजून पानच आहे.

शेंगाचटणीची रिकामी बरणी तेल जाईपर्यंत धुवा. पेर पाण्यात, पानं बाहेर. खालचं पान बुडत असेल तर काढून टाका, नाहीतर सडतं. आमच्याकडं नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी बरणीतलं पाणी बदलायचं, म्हणजे विसरत नाही. बरणी उजेडात ठेवा, पण उन्हात नको. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या दिसतात. दोन-तीन इंच झाल्या की मातीत.

कुंडीतला बुंधा मात्र उपटू नका. दोन-तीन पेरं राहू द्या. शेंड्यातलं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की ते फुटतात. हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते काय उगाच? नवी कलमं त्याच कुंडीत पाच-सहा एकत्र लावा, तरच ती भरगच्च दिसते.

रंगीत पानांचा कोलियसही असाच लागतो, उलट लवकर. रबराच्या झाडाचा पांढरा चीक अंगाला लागू देऊ नका. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पानाचे तुकडे करून लावलात तर नवी रोपं बिनकाठाची हिरवी येतात. त्याचे कंदच वेगळे करा.