एका बाटलीतला पाऊस, चार विषयांच्या कार्यपत्रिका

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाऊसही. पुस्तकातल्या तयार आकड्यांपेक्षा मुलांनी स्वतः मोजलेल्या पावसावर कार्यपत्रिका काढा. आपला आकडा असला की मुलं त्यासाठी भांडतात, आणि तिथेच खरं शिकणं सुरू होतं.

शीतपेयाची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. कंबर असलेली नको, रुंदी बदलली की माप चुकतं. खांद्याच्या खाली कटरने कापा (हे काम शिक्षकांचं), कडेला चिकटपट्टी लावा आणि वरचा भाग झाकण काढून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून सपाट भाग सुरू होईपर्यंत धुतलेले खडे आणि पाणी भरा. बाटलीला उभी लावलेल्या मोजपट्टीचं शून्य त्या पातळीवर यायला हवं, पट्टीचं टोक नव्हे. नेमकी हीच चूक सर्वाधिक होते.

बाटली गच्चीवर विटांच्या मध्ये, भिंत आणि पन्हळीपासून लांब ठेवा. वेधशाळेप्रमाणे रोज सकाळी 8.30 ला नोंद घ्या. दुपारचं सत्र असेल तर दुसरी वेळ चालेल, पण ती बदलू नका. डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा, मग जास्तीचं पाणी शून्यापर्यंत ओता. पाणी नरसाळ्याला टेकलं की आकडा खोटा ठरतो, त्यामुळे मोठ्या पावसात दिवसातून दोनदा मोजून बेरीज करा. पाऊस नसेल तर तक्त्यात 0 लिहा. रिकामा चौकोन म्हणजे कोणी मोजलंच नाही.

गणित: फरशीवर खडूने एक मीटरचा चौरस काढा आणि मध्ये लिटरची भरलेली बाटली ठेवा. एवढ्या जागेवर 1 मिमी पाऊस म्हणजे तेवढं पाणी. हे डोळ्यांनी दिसल्यावरच पुढचा प्रश्न द्या: 10 मी × 6 मी गच्चीवर 25 मिमी पाऊस पडला, तर 20 लिटरचे किती कॅन भरतील? उत्तर 75.

भूगोल: 26 जुलै 2005 च्या नोंदीत सांताक्रूझला 944 मिमी, कुलाब्याला जेमतेम 74. 1 सेमी = 20 मिमी प्रमाणाने आलेख काढायला सांगा. सांताक्रूझचा स्तंभ 47 सेमीचा होतो, वहीत मावतच नाही. प्रमाण कसं बदलायचं ते मुलांनाच ठरवू द्या.

मराठी: भुरभुर, रिमझिम, सर, संततधार, मुसळधार यांतला आजचा शब्द निवडून कारण लिहायचं. संततधार वेळ सांगते, मुसळधार जोर; 40 मिमी दोन्हींतून भरू शकतो. इथे एकच बरोबर उत्तर छापू नका.

विज्ञानासाठी एकच प्रश्न पुरे: कोरड्या दिवशी पातळी शून्याखाली का गेली?

पत्रिका ए-फोरच्या एकाच बाजूला, चार-पाच प्रश्नांची, ओळींत एक सेंटिमीटर जागा सोडून छापा. शनिवारी बाटली पूर्ण रिकामी करून पालथी घाला, सोमवारी शून्यापर्यंत पुन्हा भरा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.