पावसाळ्यात करकरणारा प्रीॲम्प

सतारीच्या पिएझो पिकअपसाठी (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा तुकडा) टीएल०७२ ही ॲम्प्लिफायर आयसी वापरून घरी प्रीॲम्प बांधला होता, म्हणजे पिकअपचा नाजूक सिग्नल जसाच्या तसा पुढे पॉवर ॲम्पला देणारा बफर. उन्हाळाभर आवाज नितळ. पाऊस लागला आणि स्पीकरमधून करकर सुरू झाली. आयसी बदलली, कपॅसिटर बदलले, फरक नाही. मग बोर्डावर हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली आणि करकर थांबली! म्हणजे दोष बोर्डाचाच.

बोर्ड तपकिरी फिनॉलिकचा, म्हणजे राळेत भिजवलेला कागद. तो दमट हवेत ओल धरतो. इनपुटचा रोध १० मेगओहम, म्हणजे इतका जास्त की किंचित करंटही तिथे जाणवतो, आणि या आयसीत ३ नंबरच्या इनपुट पिनेला लागूनच ४ नंबरची उणे सप्लायची पिन. ओल आणि उरलेला फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो चिकट पदार्थ) यांतून त्या ४ नंबरच्या पिनेचा करंट इनपुटमध्ये झिरपत होता.

तेच सर्किट ग्लास-एपॉक्सी बोर्डावर पुन्हा बांधलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने फ्लक्स धुतला. इनपुट पिनेभोवती तांब्याचं कडं ठेवून ते बफरच्या आउटपुटला जोडलं. पिन आणि कडं, दोन्हीकडे व्होल्टेज जवळपास सारखं, त्यामुळे गळतीला वावच उरत नाही. भर पावसातही आता आवाज स्वच्छ आहे.

पॉवर ॲम्पचा बोर्ड मात्र फिनॉलिकचाच ठेवलाय. तिथे इंपीडन्स (सिग्नलला होणारा रोध) कमी, एवढ्याशा गळतीने काही बिघडत नाही. महागड्या टेफ्लॉन बोर्डाची गरज मला तरी वाटत नाही.