थंडीत नवीन कोंबड्या आणल्यात? त्या रुळाव्यात आणि अंडी द्याव्यात म्हणून काय काय करायचं

दिवाळी झाली की आमच्या निफाडकडं थंडी पडायला लागते, त्याच सुमाराला गावरान अंड्याला मागणी वाढते, मग बरेच जण आठवडे बाजारातून नाहीतर कुणाच्या शेडवरून सात-आठ कोंबड्या घेऊन येतात आणि आठ दिवसांनी विचारतात की ताई एकपण अंडं नाही, विकणाऱ्यानं फसवलं का. बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. कोंबडीची जागा बदलली, खाणं बदललं, आजूबाजूच्या कोंबड्या बदलल्या की ती अंडी थांबवते, आणि त्यात दिवस लहान झालेला असतो. तिला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात. त्या तीन आठवड्यांत तुम्ही काय करता यावर पुढची सगळी थंडी अवलंबून असते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घेतानाच नीट बघा

तुरा लालभडक, डोळे चमकदार, नाकातून पाणी नाही, मागची पिसं विष्ठेनं चिकटलेली नाहीत, हे चारच गोष्टींचं बघणं आहे पण गर्दीत लोक विसरतात. पायावरचे खवले उचललेले, खरखरीत दिसले तर खरूज आहे समजा. कोंबडी अंड्यावर आहे का हे कळायला तिच्या मागच्या बाजूला जी दोन बारीक टोकदार हाडं हाताला लागतात त्यांच्या मधे बोटं ठेवून बघा, दोन-तीन बोटं बसली तर अंड्यावर आहे, जेमतेम एक बसलं तर एकतर तलंग आहे, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेली तरणी कोंबडी, किंवा अंडी थांबलीत. तलंग घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त गावरान तलंग सहा-सात महिन्यांची झाल्याशिवाय अंडं देत नाही हे धरून चाला. आणि अपेक्षा पण जातीप्रमाणे ठेवा, गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, गिरिराज, वनराजा सारख्या सुधारित जाती त्याच्यापेक्षा बऱ्याच जास्त, आणि शेडवरची लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठीच पाळलेली कोंबडी, ३०० च्या आसपास. गावरान कोंबडीकडून रोज अंडं मागू नका.

आणायचं कसं

पाय बांधून उलटं लटकवून गाडीला अडकवून आणू नका हो. ती घाबरते, पाय दुखावतो, अंड्यावर असेल तर पोटातलं अंडं फुटू शकतं. भोकं असलेल्या खोक्यात किंवा डालग्यात खाली पेंढा घालून आणा, आणि शक्यतो दिवस मावळताना घरी पोचा म्हणजे ती अंधारात गुपचूप बसते आणि सकाळी उठते तेव्हा जागा तिची झालेली असते. आल्या आल्या आधी पाणी द्या, त्यात थोडा गूळ किंवा मेडिकलमधली इलेक्ट्रोलाइटची पावडर चालते, दाणा नंतर.

आधीच्या कोंबड्या असतील तर ह्या वेगळ्या ठेवा

हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. निदान तीन आठवडे, जमलं तर महिनाभर. वेगळं खुराडं, वेगळं पाण्याचं भांडं, आणि आधी जुन्यांचं काम करून मग नव्यांकडं जायचं, उलटं नाही. आमच्याकडं एका वर्षी बाजारातून आणलेल्या चार कोंबड्या त्याच रात्री जुन्यांत सोडल्या आणि पंधरा दिवसांत मानमोडी आली, माना वाकड्या, हिरवी पातळ विष्ठा, सासूबाईंनी हातानं वाढवलेल्या अकरा कोंबड्या गेल्या. तेव्हापासून मी कुणाचंच ऐकत नाही, वेगळं म्हणजे वेगळं.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा. लसीच्या एका बाटलीत पुष्कळ डोस असतात आणि पातळ केल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारचे पाच-सहा जण मिळून एकाच दिवशी करून घ्या, परवडतं पण आणि गल्लीत रोग पण फिरत नाही. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची, म्हणून आणल्यावर आठ-दहा दिवस बघून मग. लसीनंतर काही दिवस अंडी कमी होतात, घाबरू नका. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून त्याच काळात उरकून घ्या.

पहिला आठवडा बाहेर सोडायचं नाही

पाच ते सात दिवस खुराड्यात किंवा जाळीच्या आतच ठेवा, आधीच्या कोंबड्या असतील तर वर सांगितलेले तीन आठवडे. घर कुठलं हे त्यांना कळायला तेवढे दिवस लागतातच, लवकर सोडलं तर संध्याकाळी कुणाच्या तरी बाभळीवर नाहीतर द्राक्षबागेत जाऊन बसतात आणि रात्री रानमांजर नेतं. पहिल्यांदा सोडताना दुपारी चारनंतर सोडा, दाणा टाकायच्या वेळेच्या तासभर आधी, म्हणजे भूक त्यांना परत आणते. जुन्यांत मिसळायचं ते पण रात्री, बसायच्या बांबूवर हळूच नेऊन ठेवायचं. सकाळी चोचाचोची होणारच, त्यांची आपापसातली पायरी ठरते त्यात, रक्त निघालं तरच मधे पडा. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा कारण दबलेल्या कोंबडीला एकाच भांड्यावर कुणी येऊ देत नाही आणि जिला पोटभर मिळत नाही ती अंडं कुठून देणार.

खुराडं: ऊब कमी पडली तर चालतं, ओल चालत नाही

निफाडला काही वर्षी पारा पाच-सहा अंशांवर येतो, बागवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा आपल्याला वाटतं कोंबड्या गारठून मरतील. पण मोठ्या कोंबडीच्या अंगावर पिसांचा थर असतो, तिचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, कोरड्या जागेत वारा न लागता बसली तर ती एवढी थंडी सहज काढते. पिल्लांचं वेगळं, त्यांना बल्बची ऊब लागतेच. मोठ्यांना त्रास होतो तो ओलीचा आणि कोंडलेल्या हवेचा. पहिल्या थंडीत मी चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद घट्ट लावला होता, आतून पाणी गळायला लागलं, वास इतका की डोळे चुरचुरायचे, आणि कोंबड्यांना सर्दी होऊन छाती घरघर करायला लागली. आता उत्तरेच्या बाजूला खालून दोन-अडीच फूट गोणपाट लावते आणि वर छताखाली वीतभर फट चारही बाजूंनी उघडी ठेवते, म्हणजे वारा अंगावर येत नाही पण वाफ निघून जाते.

खाली तीन-चार इंच भाताचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा टाका, दोन दिवसांआड खालीवर करा, पाण्याच्या भांड्याजवळचं ओलं झालेलं लगेच काढा. तपासायचं कसं, तर सकाळी दार उघडल्यावर उभं राहून नाही, खाली उकिडवं बसून वास घ्या, कोंबडी त्याच उंचीवर श्वास घेते. बसायला जाड बांबू किंवा लाकूड, एका कोंबडीला वीतभर जागा. कोपऱ्यात घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात लोळून त्या उवा-पिसवांचा बंदोबस्त स्वतःच करतात, अंगावर पिसवा असलेली कोंबडी रात्रभर झोपत नाही आणि अंडं पण देत नाही.

दाणा-पाणी

नुसती बाजरी-मका टाकून अंडी येत नाहीत. त्यात ऊब आहे, प्रथिनं फार कमी. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं म्हणून सकाळी लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीसाठी मिळणारं तयार भरड खाद्य, आणि संध्याकाळी बसायच्या आधी मूठभर मका नाहीतर ज्वारी, म्हणजे रात्रभर पोटात ऊब राहते. पूर्ण कोंडून ठेवलेल्या लेयरला दिवसाला ११०-१२० ग्रॅम लागतं, मोकळ्या फिरणाऱ्या गावरानला त्याच्या निम्म्यात भागतं. मेथीच्या काड्या, लसूणघास, शेवग्याचा पाला, थंडीत हिरवं भरपूर असतं ते टाका. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका, जिला लागेल ती खाईल. एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते नाही मिळालं तर अंडं मऊ येतं आणि नंतर येतच नाही.

पाण्याकडं कुणी बघत नाही. पहाटेचं बर्फासारखं पाणी कोंबडी कमी पिते, पाणी कमी तर खाणं कमी, खाणं कमी तर अंडी बंद. सकाळी कोमट पाणी भरा, बस.

खरा मुद्दा उजेडाचा

डिसेंबरात आपल्याकडं दिवस ११ तासांचा असतो, जूनमध्ये १३ तासांच्या पुढं जातो. कोंबडीला अंडं द्यायचं की नाही हे उजेडावरून कळतं, १४ तासांच्या आसपास उजेड मिळाला तर ती चालू राहते. म्हणून बल्ब. पण संध्याकाळी नको, पहाटे लावा, कारण रात्री बल्ब एकदम बंद झाला की अंधारात त्या बांबूवर चढू शकत नाहीत, खालीच ढीग करून बसतात. सूर्य सातला उगवत असेल तर पहिल्या आठवड्यात साडेसहाला बल्ब, पुढच्या आठवड्यात सहाला, असं अर्ध्या-अर्ध्या तासानं मागं जात चारपर्यंत न्या. साधा पिवळा एलईडी पुरतो, कोंबडीच्या उंचीवर पेपर वाचता आला म्हणजे झालं. टायमर लावा, आणि शेतीची लाइन दिवस-रात्र बदलत असते म्हणून बल्ब घरच्या लाइनवर घ्या, आज उजेड उद्या नाही असं झालं तर न लावलेला बरा. वायर आणि बल्ब तूस-पेंढ्यापासून लांब. आणि हे सगळं कोंबड्या रुळल्यावर, अंड्यावर यायच्या वयाच्या झाल्यावरच, लहान तलंगांना उजेड वाढवला तर त्या अंग भरायच्या आधीच अंड्यावर येतात आणि अंडं अडकतं.

एवढं करूनही अंडी नाहीत तर

आधी पिसं बघा. मान-पाठ झडून नवीन काटे फुटत असतील तर तिचं सगळं प्रथिन पिसांना जातंय, दोन-तीन महिने थांबा. मग शोधा, मोकळी कोंबडी कडब्याच्या गंजीत, पाचटात गुपचूप घालते. ती लपवू नये म्हणून चार-पाच कोंबड्यांना एक, फूटभर लांब-रुंद, अंधाऱ्या कोपऱ्यातलं खोकं द्या, पेंढा घाला आणि त्यात एक अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा दगड ठेवा, बाकीच्या बघून तिथंच बसतात. सकाळी दहा-अकरापर्यंत नवीन कोंबड्या बाहेर सोडू नका, बहुतेक अंडी तोवर येऊन जातात. आणि खुडूक बसली असेल, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून नुसती उबवायला बसून राहिली असेल, तर पाण्यात बुडवायची जुनी पद्धत थंडीत अजिबात करू नका, खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात दाणा-पाण्यासकट तीन-चार दिवस ठेवा, पोटाखाली हवा लागली की उतरते.

एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर मात्र वाट बघायची नाही, मेलेल्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, विकायच्या तर नाहीतच, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तो फेब्रुवारीत, २०२१ ला परत आला तो पण थंडीच्याच दिवसांत.

होळीनंतर पहाटेचा बल्ब एकदम काढू नका, आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं उशिरा लावत लावत मे महिन्यापर्यंत बंद करा, एका दिवसात बंद केला की चालू अंडी थांबतात आणि भर उन्हाळ्यात पिसं झडायला लागतात.