गुळाचा खडा, परीक्षानळी आणि जैवरेणू

कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिक आम्ले हे सजीवांतले रेणू, म्हणजे जैवरेणू, ओळखण्याच्या चाचण्या शाळा-कॉलेजात होतात; त्यांतली साखरेची चाचणी बहुधा बाटलीतल्या ग्लुकोज पावडरीवर. कोल्हापुरात गूळ हाताशी असताना सुरुवात त्यानेच करावी, कारण गूळ आणि साखर यांतला फरक थेट रेणूंचा आहे.

ग्लुकोजसारख्या साखरा ओळखणारे निळे बेनेडिक्ट द्रावण तयार मिळते. स्वतः करायचे तर १०० मिली पाण्याला सोडियम सायट्रेट १७.३ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट १० ग्रॅम आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) १.७३ ग्रॅम हे प्रमाण धरावे. आधीचे दोन क्षार गरम पाण्यात विरघळवावेत. मोरचूद वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत, शेवटी घालावे.

५० मिली पाण्यात २ ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्या. दुसऱ्या पेल्यात तेवढीच पांढरी साखर. दोन परीक्षानळ्यांत २-२ मिली बेनेडिक्ट, त्यावर ८-८ थेंब नमुना, आणि नळ्या उकळत्या पाण्यात ३ ते ५ मिनिटे. साखरेची नळी निळीच राहते. गुळाची हिरवट, पिवळी किंवा नारिंगी होते. साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना असे जोडलेले असतात की बेनेडिक्टमधल्या तांब्याचे क्षपण करणारा (त्याला इलेक्ट्रॉन देऊन रंग बदलणारा) गट मोकळा राहत नाही. गुळात मात्र काही सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे झालेले असतात.

ते का फुटते, हे गुऱ्हाळावर दिसते. उसाचा रस मुळात थोडा आम्लधर्मी. काहिलीत तो तापला की आम्ल आणि उष्णता मिळून सुक्रोज तोडतात, म्हणून चुन्याची निवळी बेतानेच घालतात. चुना कमी पडला किंवा तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला, तर फुटलेली साखर वाढते. गुळाचा रवा (ढेप) नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो. चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो. काकवीची चाचणीही अवश्य करून पाहा.

आता साखरेचे ५ मिली पाणी घेऊन त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ थेंब टाका, ३ मिनिटे उकळा, थंड करा आणि खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालून बुडबुडे थांबेपर्यंत उदासीन करा. मग बेनेडिक्ट चाचणी केली की साखरही विटकरी रंग देते. इथे चूक सहज होते: आम्ल जास्त पडले आणि सोडा विसरला, तर उरलेले आम्ल बेनेडिक्टमधला अल्क (सोडियम कार्बोनेट) मारू शकते आणि चाचणी खोटी 'नाही' सांगते.

प्रथिनांसाठी म्हशीचे दूध चारपट पाण्यात पातळ करा. १ मिली दुधात १० टक्के कॉस्टिक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) १ मिली द्रावण आणि १ टक्का मोरचुदाचे २-३ थेंब घाला. तापवायचे नाही. जांभळा रंग म्हणजे पेप्टाइड बंध, प्रथिनाचे घटक जोडणारे दुवे, आहेत. मोरचूद जास्त पडले तर निळा साका जांभळा रंग झाकतो. या चाचणीत फसवणूक यानेच होते. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच.

पिष्टासाठी (स्टार्चसाठी) भाताची पेज आणि आयोडीनचा एक थेंब पुरे, पण पेज थंड हवी. गरम असताना निळा-काळा रंग टिकत नाही. मेदासाठी भाजलेला शेंगदाणा कागदावर रगडा. डाग लगेच पाहू नका: पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा पारदर्शक राहतो.

डीएनए या न्यूक्लिक आम्लासाठी अर्धे केळे, १०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ आणि २ चमचे भांडी धुण्याचे लिक्विड हलकेच कालवून १० मिनिटांनी गाळा. फेस होऊ देऊ नका. गाळलेल्या पाण्यावर तेवढेच बर्फासारखे गार, ९० टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल कडेने अलगद ओता. सीमेवर पांढरे धागे जमतात. तो निव्वळ डीएनए नसतो. केळ्यातले पेक्टिन हे चिकट कर्बोदकही त्यात येते. मिक्सरमध्ये फिरवले असेल तर धागे तुटून आखूड होतात, म्हणून केळे हातानेच कुस्करावे.